बांबूचा भाव आणि व्हिएन्नाचा प्रश्न

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क २००९ सालीच मान्य झाला होता. पण बांबू गावाबाहेर न्यायला परवाना लागतो, आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू हे झाड होतं, २००६ च्या वनहक्क कायद्यात तेच गौण वनोपज! मंत्र्यांच्या हस्ते पुस्तक आलं आणि तो वाद मिटला. मग गावापुढे दुसराच प्रश्न आला: भाव काय सांगायचा?

हा प्रश्न आधी पडायचं कारणच नव्हतं. गडचिरोलीतला बांबू दशकानुदशकं दीर्घ मुदतीच्या करारानं बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात होता आणि दर सरकारी फायलीत ठरत होता. बुरडांसाठी सवलतीचा दर वेगळा, निस्तारासाठी, म्हणजे गावकऱ्यांच्या घरगुती वापरासाठी, वेगळा. आकडे होते, भाव नव्हता.

इथे व्हिएन्ना आठवतं. १९२० साली लुडविग फॉन मिझेस यांनी एक निबंध लिहिला. उत्पादनाची साधनं सरकारच्याच ताब्यात असतील तर त्यांची खरेदी-विक्री होत नाही. खरेदी-विक्री नाही म्हणून किंमत नाही. आणि किंमत नसेल तर कोणता वापर फायद्याचा आणि कोणता उधळपट्टीचा, याचा हिशेबच मांडता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ऑस्ट्रियन संप्रदायाचे अभ्यासक आजही हा निबंध वाचून सोव्हिएत रशियाचे दाखले देतात. पूर्व विदर्भातल्या अख्ख्या झाडीपट्टीचं जंगल शतकभर अशाच व्यवस्थेत होतं, हे मात्र त्यांच्या गावीही नाही.

या संप्रदायाची सध्याची अडचणही हीच आहे. कार्ल मेंगर यांनी १८७१ मध्ये सांगितलं की मूल्य वस्तूत नसतं, माणसाच्या गरजेत असतं. ‘ऑस्ट्रियन’ हे नाव तर त्यांच्या जर्मन विरोधकांनी हिणवण्यासाठी दिलेलं. पुढे हायेक आले, मग १९७३ मध्ये उद्योजकाच्या सावधपणावर ग्रंथ लिहिणारे इस्रायल कर्झनर. शिदोरी मोठी आहे, पण प्रबंधांचे विषय तेच ते: सोनं, मध्यवर्ती बँका, मंदीची चक्रं. माझं मत विचाराल तर नवा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यानं ग्रंथालयातून उठावं आणि गडचिरोलीची बस धरावी. २०११ पासून तिथे गोंडवाना विद्यापीठही आहे.

मराठी वाचकाला हा विचार तसा परका नाही. शरद जोशींनी शेतमालाच्या भावाबद्दल जे मांडलं, त्यात मिझेस-हायेक यांचं बरंच काही होतं. लेबल नव्हतं एवढंच. विदर्भात तर दोन मोठ्या मालांवर पाठोपाठ सरकारी मक्तेदारी आली. १९६९ च्या कायद्यानं तेंदूपान तिच्याखाली आलं आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत गेला. कापसावर ढीगभर लिहिलं गेलं. तेंदूकडे अर्थशास्त्रज्ञ फारसे फिरकलेच नाहीत.

हायेक यांचा १९४५ चा निबंध तर जंगलासाठीच लिहिला असावा असं वाटतं. स्थळकाळाचं बारीकसारीक ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेलं असतं, ते कुठल्याही मुख्यालयात गोळा होत नाही, हा त्याचा गाभा. याचा फार सुंदर पुरावा आपल्या परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी दिला, तोही हायेक यांचं नाव न घेता. १९७५ च्या सुमारास ते उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा अभ्यास करत होते. बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण काढून बेट मोकळं करावं, म्हणजे वाढ चांगली होते, असा वनखात्याचा शास्त्रीय सल्ला होता. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि रानटी जनावरं फस्त करतात. गाडगीळांनी मोजमाप केलं आणि गावकरी बरोबर निघाले. तिथेही कागद गिरणीला बांबू नाममात्र दरानं मिळत होता, त्यामुळे बेटं संपत चालल्याची झळ गिरणीच्या हिशेबात उमटतच नव्हती. ज्ञान गावात, दर फायलीत आणि तोटा जंगलात. या तिन्हींचा संबंध लावणारा प्रबंध चंद्रपूर-गडचिरोलीवर लिहायला हवा.

आता तेंदू. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते आणि मे महिन्यात तोडाई. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. पूर्वी युनिटचा, म्हणजे तोडाईच्या ठरावीक क्षेत्राचा, लिलाव वनखातं करायचं. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा यांच्या आधारानं गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांनी स्वतः लिलाव सुरू केले. कोरचीत तर त्यांनी महाग्रामसभा उभी केली, कारण एकेकट्या गावाशी बोलणारा ठेकेदार चतुर असतो. २०१७ च्या जुलैत तेंदूपानावर १८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर उतरला. या कराचा भार प्रत्यक्षात कुणी सोसला? ठेकेदारानं, विडी कारखानदारानं, की पुडे बांधणाऱ्या बाईनं? आणि कर्झनर ज्याला उद्योजक म्हणतात तो इथे कोण? भांडवल घेऊन येणारा ठेकेदार, की शेजारच्या गावाचा भाव विचारून बोली अडवून धरणारा ग्रामसभेचा सचिव? याचं उत्तर पुस्तकात नाही, ग्रामसभांच्या ठरावबुकांत आणि बँक पासबुकांत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याहून अवघड कोडं घालतं. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर या गावानं बांबूवर उत्पन्न उभं केलं आणि तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं. पानांसाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, फळंही जातात. हातातला पैसा सोडणं हा सरकारी आकडेवारीत निव्वळ तोटा दिसेल. मेंगर यांचा विद्यार्थी मात्र थांबेल. सोडलेल्या रकमेतून गावानं जंगलाला दिलेलं मोल मोजता येईल का?

एक विषय राजकारण्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली. शेजारी यवतमाळ खुलं, पलीकडे तेलंगण. अशी तुलना प्रयोगशाळेत मांडूनही मिळायची नाही. मिझेस सांगतात, एका हस्तक्षेपातून दुसरा जन्मतो. मार्क थॉर्नटन यांनी १९९१ च्या ग्रंथात दाखवलं की बंदीत कमी जागेत जास्त चढणारा माल चालतो. चंद्रपुरात बिअर हटून देशी-मोहाची वाढली का, हे तपासण्याजोगं आहे. पण ही बंदी वरून लादलेली नव्हती. तिच्यासाठी २०१० मध्ये बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या. पिणाऱ्याची आवड ही आवड आणि त्याच्या बायकोची मागणी हा हस्तक्षेप, असं म्हणणारा सिद्धांत मला लंगडा वाटतो.

खरी पंचाईत मालकीची आहे. ऑस्ट्रियन मांडणी खासगी मालमत्तेवर उभी असते. मेंढ्याचं जंगल ना सरकारचं ना कुण्या एकाचं, आणि २०१३ मध्ये तर गावानं १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेकडे सोपवण्याचं ठरवलं. तरीही तिथे निविदा निघतात आणि भाव कळतो. सामायिक साधनं लोक नीट सांभाळू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मेंढ्याचा हक्क मान्य झाला त्याच २००९ साली नोबेल मिळालं. ऑस्ट्रॉम आणि हायेक यांना एकत्र वाचणारे अर्थशास्त्रज्ञ अमेरिकेत आहेत, पण सामूहिक मालकीतून बाजारभाव कसा जन्मतो याचा ताजा कच्चा माल आपल्याकडे आहे.

फक्त वेळापत्रकाची एक अडचण आहे. तेंदूची तोडाई मे महिन्यातल्या मोजक्या दिवसांत उरकते आणि नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठांच्या परीक्षा असतात. मार्गदर्शकानं विद्यार्थ्याला तेवढी रजा द्यावी.