वॉटसनला गोळी लागली कुठे?

दुसऱ्या अफगाण युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून निघालेला जॉन वॉटसन बोटीने मुंबईला उतरला, तेव्हा त्याला कळलं की आपली पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात कधीच खोल शिरली आहे. मागोमाग तोही कंदाहारला पोहोचला आणि पुढे मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात जेझाइल बंदुकीची गोळी घुसली. हाड फुटलं, मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली. मरे नावाच्या अर्दलीने त्याला ओझ्याच्या घोड्यावर घालून इंग्रजांच्या गोटात आणलं, म्हणून तो जगला. मैवंदची लढाई खरीखुरी झालेली आहे, २७ जुलै १८८० रोजी. बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई लष्कराच्या पलटणी त्या दिवशी तिथे लढल्या. शेरलॉक होम्सचा मित्र आणि त्याच्या कथांचा निवेदक वॉटसन तेवढा आर्थर कॉनन डॉयलच्या कल्पनेतला. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ १८८७ साली आली, तिच्या सुरुवातीलाच ही हकीकत आहे.

१८९० साली दुसरी कादंबरी आली, ‘द साइन ऑफ फोर’. तिच्यात वॉटसन आपला जखमी पाय सांभाळत बसलेला दिसतो. जेझाइलची गोळी पायातून गेली होती, चालता येतं पण हवा पालटली की पाय ठणकतो, असं तो सांगतो. खांद्याचं नाव नाही. पुढच्या एका कथेत तर गोळी कुठे लागली हे तो मोघमच ठेवतो, कुठल्याशा अवयवात म्हणतो आणि पुढे जातो.

लेखक विसरला असेल, असं म्हणून पान उलटणारे वाचक पुष्कळ. पण गेली शंभरहून अधिक वर्षं एक वेगळी वाचकजमात या पानावर थांबत आली आहे. त्यांचा नियम एकच: छापलेलं सगळं खरं. होम्स खरा, वॉटसन खरा, आणि कॉनन डॉयल हा वॉटसनचे कागद छापखान्यापर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ. मग खांदाही खरा आणि पायही खरा. आता दोन्ही एकत्र नांदतील अशी हकीकत शोधून काढा! कुणी म्हणालं, गोळ्या दोन होत्या, दुसरीबद्दल वॉटसन संकोचाने बोलत नाही. कुणी म्हणालं, गोळी एकच, पण तो जखमी सैनिकावर ओणवा झालेला असताना खांद्यातून शिरून पायापर्यंत गेली. या दुसऱ्या उत्तराने मी अक्षरशः भारावून गेलो. एका विसरभोळ्या ओळीतून रणांगणावर वाकून जखम बांधणारा डॉक्टर उभा राहिला. हे चित्र डॉयलने कुठेही लिहिलेलं नाही.

या खेळाचं मूळ गमतीचं आहे. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने एक निबंध वाचला. त्या काळी जर्मन पंडित बायबलची चिकित्सा करत होते: हा भाग एकाच्या हातचा, तो दुसऱ्याच्या, अमुक तपशील मागाहून घुसडलेला. नॉक्सला ती पद्धत पटत नव्हती. त्याने तीच हत्यारं होम्सच्या कथांवर चालवून दाखवली आणि या कथाही दोन वेगळ्या वॉटसननी लिहिल्या असाव्यात, असं गंभीरपणे मांडलं. आपल्या लिखाणावर कुणी एवढी मेहनत घ्यावी याचं नवल वाटून डॉयलने १९१२ साली त्याला पत्र लिहिलं. नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला, त्याने बायबलचं इंग्रजी भाषांतरही केलं. त्याची थट्टा मात्र लोकांनी मनावर घेतली. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स हिने १९४६ साली नियम सांगून टाकला: हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याइतक्या गांभीर्याने खेळायचा, जराही वात्रटपणा केला की रंग गेला.

आणि गांभीर्य म्हणजे काय असतं? ‘द रेड-हेडेड लीग’ ही कथा घ्या. लाल केसांच्या माणसांना नोकरी देणारी जाहिरात २७ एप्रिल १८९० च्या वर्तमानपत्रातली आहे आणि ती बरोबर दोन महिन्यांपूर्वीची असल्याचं वॉटसन सांगतो. जाहिरात वाचून नोकरीला लागलेल्या गृहस्थाची नोकरी आठ आठवडे टिकली. संस्था बंद झाल्याची पाटी मात्र ९ ऑक्टोबर १८९० ची, म्हणजे जाहिरातीनंतर पाच महिन्यांहून जास्त. त्यात त्याच दिवशी होम्स म्हणतो की आज शनिवार आहे, पंचाईत आहे. पण ९ ऑक्टोबर १८९० ला गुरुवार होता! अशा प्रत्येक गाठीसाठी अभ्यासकांनी जुनी कॅलेंडरं काढली, चंद्राच्या कला तपासल्या, रेल्वेची वेळापत्रकं आणि लंडनच्या हवामानाच्या नोंदी धुंडाळल्या. कथेत धुकं आहे ना, मग त्या आठवड्यात लंडनला धुकं होतं का ते पाहा. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा अशा साठ प्रकरणांचा कालक्रम लावणारी आख्खी पुस्तकं निघाली. एच. डब्ल्यू. बेलचं १९३२ साली आलं, विल्यम बेअरिंग-गूल्डने १९६२ साली होम्सचं सविस्तर चरित्रच लिहिलं. तारखांचा ताळा जमावा म्हणून त्याला वॉटसनची तीन लग्नं लावावी लागली.

वॉटसनच्या नावाचीही अशीच गंमत. पुस्तकात तो जॉन एच. वॉटसन आहे. पण १८९१ च्या एका कथेत त्याची बायको त्याला चक्क ‘जेम्स’ म्हणते. सेयर्सने यावर निबंध लिहिला. तिचं म्हणणं असं की मधला एच म्हणजे हेमिश, जेम्सचंच स्कॉटिश रूप, आणि बायको लाडाने त्याचं इंग्रजी करते. लेखकाच्या नजरचुकीवर रचलेला हा निव्वळ तर्क. २०१२ साली बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेत वॉटसन स्वतः आपलं पूर्ण नाव जॉन हेमिश वॉटसन असं सांगतो. वाचकाने बुजवलेली फट मूळ घराची भिंत झाली.

फटी जितक्या मोठ्या, तितकी त्यांत वस्ती मोठी. ४ मे १८९१ रोजी होम्स आपला कट्टर शत्रू प्रोफेसर मोरियार्टी याच्याबरोबर रायखेनबाखच्या धबधब्यात पडला असं डॉयलने लिहिलं, आणि पुढे वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहामुळे १९०३ साली त्याला परत आणलं. कथेत तो परततो १८९४ च्या वसंतात. मधली तीन वर्षं तो कुठे होता याबद्दल होम्स चार वाक्यं सांगतो, बाकी अंधार. (मधेच १९०८ ची एक कथा मार्च १८९२ मध्ये त्याला बेकर स्ट्रीटवर आरामात बसलेला दाखवते, हा आणखी एक घोळ.) या अंधारात १९५६ साली जॉन डी. क्लार्क नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक बॉम्ब टाकला. होम्स त्या काळात मॉन्टेनेग्रोमध्ये, डॉयलच्याच एका कथेत त्याला चकवून गेलेल्या आयरीन अॅडलरला भेटला आणि त्यांचा मुलगा म्हणजे नीरो वुल्फ. हा वुल्फ दुसऱ्याच लेखकाचा, रेक्स स्टाउटचा, न्यूयॉर्कमधला लठ्ठ गुप्तहेर, मूळचा मॉन्टेनेग्रोचा. दोन लेखक, दोन खंड, दोन काळ, आणि मधून एक रक्ताचा धागा ओढलेला.

या क्लार्कबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. व्यवसायाने तो रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकन नौदलासाठी त्याने रॉकेटच्या द्रव इंधनांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यावर ‘इग्निशन!’ हे पुस्तक लिहिलं. पण त्याआधी, तरुणपणी, त्याने पी. शुइलर मिलर या मित्राबरोबर कॉनन द बार्बेरियनचं आयुष्य लावायला घेतलं होतं. रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कॉनन-कथा मासिकात उलटसुलट क्रमाने येत. १९३२ च्या पहिल्या कथेत कॉनन आधीच राजा आहे, पुढच्या वर्षीच्या कथेत कोवळा चोर. दोघांनी कथांमधले इशारे वेचून त्याच्या आयुष्याचा आराखडा केला आणि थेट हॉवर्डकडे पाठवला. मार्च १९३६ मध्ये हॉवर्डने उत्तर दिलं: तुमचा क्रम जवळजवळ बरोबर आहे. काही दुरुस्त्या सुचवल्या, हत्तीच्या मनोऱ्याच्या कथेत कॉनन सतरा वर्षांचा असावा अशी माहितीही दिली. तीन महिन्यांनी, ११ जून १९३६ ला, हॉवर्ड गेला. वय अवघं तीस. त्या दोन वाचकांनी प्रश्न विचारला नसता तर कॉननच्या आयुष्याचा हा पट त्याच्या निर्मात्याबरोबरच गेला असता.

रक्ताचे असे धागे आणखी कुठवर ओढले गेले हे पाहायला आता एका खऱ्या दगडाकडे वळू. १३ डिसेंबर १७९५ रोजी यॉर्कशरमधल्या वोल्ड न्यूटन या गावाजवळ शेतात आकाशातून सुमारे २५ किलोंचा दगड कोसळला. आकाशातून दगड पडतात यावर तेव्हाच्या बहुतेक पंडितांचा विश्वास नव्हता. १८०२ साली एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाने हा दगड आणि १७९८ साली काशीजवळ पडलेला दगड असे काही नमुने तपासले. त्यांत निकेलमिश्रित लोह सापडलं आणि उल्का खऱ्या असल्याचं मान्य होऊ लागलं. वोल्ड न्यूटनचा दगड आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे, पडला त्या जागी विटांचा स्तंभ उभा आहे. १९७२ साली विज्ञानकथालेखक फिलिप होजे फार्मर याने ‘टारझन अलाइव्ह’ या पुस्तकात मांडलं की दगड पडला तेव्हा शेजारच्या रस्त्यावरून दोन घोडागाड्या चालल्या होत्या. उल्केच्या किरणांनी प्रवाशांच्या बीजात फरक पडला आणि त्यांच्या वंशात विलक्षण माणसं जन्मली: टारझन, होम्स, मोरियार्टी, नीरो वुल्फ, डोरोथी सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी. गाडीत बसलेल्यांत ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले डार्सी आणि एलिझाबेथही! जेन ऑस्टिनच्या दिवाणखान्यातून आफ्रिकेच्या जंगलापर्यंत जाणारी ही वंशावळ वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती लावायला फार्मरने मूळ पुस्तकांतली नाती, सरदारक्या आणि तारखा खरोखर जुळवल्या आहेत.

दूरदर्शनच्या काळात हा खेळ उलटा फिरला. अमेरिकेत १९८२ ते १९८८ ‘सेंट एल्सव्हेअर’ ही बॉस्टनमधल्या इस्पितळाची मालिका चालली. २५ मे १९८८ च्या शेवटच्या भागात इस्पितळातले डॉक्टर वेस्टफॉल एकाएकी बांधकाम मजूर म्हणून दिसतात आणि त्यांचा स्वमग्न मुलगा टॉमी हातात काचेचा गोळा घेऊन बसलेला असतो. गोळ्याच्या आत तेच इस्पितळ. म्हणजे सहा वर्षांची मालिका टॉमीच्या मनातली? ठीक आहे. पण १९८५ साली याच मालिकेतले डॉक्टर दुसऱ्या मालिकेतल्या ‘चिअर्स’ या बारमध्ये जाऊन बसले होते. मग ‘चिअर्स’ही टॉमीच्या मनात, तिच्यातून निघालेली ‘फ्रेझर’ही. ‘सेंट एल्सव्हेअर’मधली एक डॉक्टर पुढे ‘होमिसाइड’ या पोलिसी मालिकेत आली, त्यातला रिचर्ड बेल्झरने रंगवलेला डिटेक्टिव्ह मंच ‘लॉ अँड ऑर्डर’, ‘द एक्स-फाइल्स’ आणि ‘द वायर’मध्ये डोकावला. धागा धरत गेलं की चारशेहून अधिक मालिका एका मुलाच्या डोक्यात मावतात. कॉमिक्सचा लेखक ड्वेन मॅकडफी याने २००२ साली हे मांडलं ते सगळ्या कथांच्या तपशिलांचा ताळमेळ लावायचा हट्ट कुठवर नेतो हे दाखवायला. चाहत्यांनी मात्र नकाशे काढले. ब्रायन वेदरसन या तत्त्वज्ञाने तर रीतसर आक्षेप लिहिले. त्यातला मला सर्वांत पटणारा असा: खरं बॉस्टनही स्वप्नात येतं, म्हणून बॉस्टन स्वप्न ठरत नाही.

टॉमीचा सिद्धांत डोकं गरगरवतो हे खरं, तरी माझा कौल वॉटसनच्या बाजूने आहे. सगळं एकाच्या स्वप्नात घातलं की प्रत्येक विसंगतीचं उत्तर एका झटक्यात मिळतं आणि शोधायला काही उरत नाही. खांदा आणि पाय दोन्ही खरे मानले की प्रत्येक विसंगतीतून नवी हकीकत काढावी लागते. कंपन्या हल्ली अधिकृत कालपट स्वतःच छापतात. २०१४ साली लुकासफिल्मने ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स मुख्य इतिहासातून बाहेर काढून ‘लेजंड्स’ या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. हक्क त्यांचे आहेत, ते ठरवू शकतात. पण अशाने कोडं संपतं, आणि वाचकाकडून एक मोठा आनंद काढून घेतला जातो.

तेव्हा एक कोडं तुमच्यासाठी. ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये प्रोफेसर मोरियार्टीच्या कर्नल भावाचं नाव जेम्स आहे. ‘द एम्प्टी हाउस’मध्ये खुद्द प्रोफेसरचंच नाव जेम्स मोरियार्टी आहे. ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये आणखी एक धाकटा भाऊ कळतो, पश्चिम इंग्लंडमध्ये स्टेशनमास्तर असलेला, त्याचं नाव दिलेलंच नाही. दोन सख्ख्या भावांना आईबापांनी एकच नाव का ठेवलं असेल? उत्तर शोधताना अट एवढीच की छापलेलं एकही वाक्य खोटं ठरवायचं नाही.