लिंबूटिंबूंचा विजय : ‘डॉजबॉल’ या खुळचट चित्रपटाचे आकर्षण कशात आहे?

ज्याच्या पराभवाची सर्वांनाच खात्री असते तो संघ अखेरीस जिंकतो, हा क्रीडापटांचा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा साचा आहे. ‘लगान’मध्ये चंपानेरच्या गावकऱ्यांच्या रूपाने तो भारतीय प्रेक्षकांनी गांभीर्याने अनुभवला. २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘डॉजबॉल : अ ट्रू अंडरडॉग स्टोरी’ या अमेरिकी विनोदपटाने याच साच्याची यथेच्छ टिंगल केली. तरीही सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात १६ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि तो आजही आवडीने पाहिला जातो. या आकर्षणाचे उत्तर चित्रपटाच्या शेवटात, आणि विशेषतः तो शेवट का बदलावा लागला यात सापडते.

रॉसन मार्शल थर्बर यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे कथानक जाणीवपूर्वक साधे ठेवलेले आहे. पीटर लाफ्लर (विन्स वॉन) हा एक मोडकळीस आलेली व्यायामशाळा चालवतो. ‘अ‍ॅव्हरेज जोज’ हे तिचे नावच सामान्य माणसाचे आहे. सदस्यांकडून वर्गणी मागण्याचेही त्याला भान नसते, त्यामुळे ५० हजार डॉलरचे कर्ज थकते आणि ते फेडण्यासाठी हाती उरतात केवळ ३० दिवस. शेजारच्या चकचकीत ‘ग्लोबो जिम’चा अहंमन्य मालक व्हाइट गुडमन (बेन स्टिलर) ती जागा गिळंकृत करण्यासाठी टपलेला आहे. मार्ग एकच : लास व्हेगासमधील डॉजबॉल स्पर्धा जिंकणे. तिचे पारितोषिक नेमके ५० हजार डॉलरचे आहे.

खेळाची निवडही सहेतुक आहे. डॉजबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला चेंडू मारून बाद करायचे असते; मात्र त्याने तो झेलला तर फेकणाराच बाद होतो. आबाधोबीत पाठीवर चेंडूचे वळ उठवून घेतलेल्यांना यातील धास्ती वेगळी सांगावी लागणार नाही. अमेरिकी शाळांच्या क्रीडातासात हा खेळ दीर्घकाळ दुबळ्या मुलांच्या अवहेलनेचे साधन ठरला. तेथील शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही तो शालेय शिक्षणास अनुचित असल्याची भूमिका घेतली आहे. शाळेत ज्यांच्यावर चेंडूंचा मारा झाला असता, तीच माणसे मोठेपणी या खेळाच्या मैदानात उतरतात. चित्रपटातील विनोदाचे मूळ या विसंगतीत आहे.

पीटरच्या संघातील एक जण स्वतःला समुद्री चाचा समजतो, तर दुसरा अप्रसिद्ध खेळांना वाहिलेले नियतकालिक मन लावून वाचतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला वृद्ध प्रशिक्षक (रिप टॉर्न) खेळाडूंच्या अंगावर लोखंडी पाने फेकून त्यांना चुकवाचुकवी शिकवतो. पात्रांना मात्र हे हास्यास्पद वाटत नाही. समालोचक या पोरखेळाचे वर्णन विश्वचषकाच्या थाटात करतात आणि गुडमन प्रत्येक चेंडू जीवनमरणाचा प्रश्न असल्यासारखा फेकतो. साऱ्या जगाची खिल्ली उडवणारा हा चित्रपट एकाच गोष्टीला धक्का लावत नाही. अन्यत्र ज्यांना हसून घालवले जाते, त्यांना सामावून घेणारी एक जागा टिकली पाहिजे, ही ती गोष्ट.

चित्रपटाच्या मूळ शेवटात ही जागा टिकत नव्हती. गुडमनचा चेंडू पीटरला लागतो, दुबळा संघ हरतो आणि चित्रपट तेथेच संपतो, असा शेवट थर्बर यांनी योजला होता. साच्याची टिंगल त्यामुळे तर्कशुद्धपणे पूर्णत्वास गेली असती. परंतु प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळांत प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि नवा शेवट चित्रित करण्यात आला. त्यानुसार पीटर डोळ्यांवर पट्टी बांधून अखेरचा डाव जिंकतो. शिवाय, सामना सोडण्यासाठी गुडमनने दिलेले एक लाख डॉलर त्याने स्वतःच्याच संघावर एकास पन्नास या दराने लावलेले असतात. त्या पैजेतून ५० लाख डॉलर हाती येतात आणि ‘ग्लोबो जिम’च त्याच्या ताब्यात जाते.

दिग्दर्शकाने मागणी मान्य केली, तीही कोपरखळी मारूनच. पैजेची रक्कम ज्या पेटीत दिसते तिच्यावर ‘डेउस एक्स माकिना’ असे लिहिलेले आहे. प्राचीन ग्रीक नाटकांत अडलेले कथानक सोडवण्यासाठी यंत्राच्या साह्याने देवाला रंगमंचावर उतरवत. कृत्रिम शेवटासाठी रूढ झालेली ही लॅटिन संज्ञा. श्रेयनामावलीनंतर लठ्ठ झालेला पराभूत गुडमन पडद्यावर येऊन अशा सुखान्तांवर प्रेक्षकांनाच चार शब्द सुनावतो. शेवट खोटा आहे हे चित्रपट लपवत नाही आणि तो खोटा आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक सुखावतो. गंभीर क्रीडापटात या आनंदासोबत भाबडेपणाचा संकोच येतो. येथे हसून झाल्यामुळे तो उरत नाही.

पुढील घटनांनी या विनोदाला अनपेक्षित जोड दिली. हताश होऊन माघार घेणाऱ्या पीटरला विमानतळावर लाजवणारा पाहुणा कलाकार होता सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग, कर्करोगावर मात करून ‘टूर दी फ्रान्स’ जिंकणारा जिद्दीचा जिवंत आदर्श. उत्तेजकांच्या सेवनाबद्दल २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि पुढील वर्षी त्याने कबुलीही दिली. याउलट, फुटकळ खेळांची थट्टा म्हणून चित्रपटात कल्पिलेली ‘ईएसपीएन ८ : द ओचो’ ही वाहिनी ८ ऑगस्ट २०१७ रोजी ईएसपीएनने एका दिवसासाठी प्रत्यक्षात आणली आणि त्यानंतरही हा उपक्रम पुन्हा राबवला.

चित्रपटातील खऱ्या नायकाची कथा अशा प्रकारे खोटी ठरली, तर उघडपणे खोटी असलेली कथा टिकून राहिली. खेळात ज्याची धाव मोजली जात नाही अशा लहानग्याला मराठीत लिंबूटिंबू म्हणतात. चाचणी-खेळांतील प्रेक्षकांनी थर्बर यांच्याकडे मागितले ते एवढेच, की दीड तास हसवल्यानंतर एकदा तरी त्याची धाव मोजली जावी.