चिंबोरीच्या संततीचा बंदोबस्त

बंगळूरच्या जे. पी. नगरासारख्या, समुद्रापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या वस्तीत राहूनही मालवणी माणसाची चिंबोरीच्या कालवणावरील वासना सुटत नाही. परंतु हा जीव जन्मतो कसा, आणि मनुष्याच्या ताब्यात त्याची संतती वाढविणे इतके दुष्कर का, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील खेकडीची पिल्ले अंड्यातून निघतात ती चिमुकले खेकडे होऊनच, आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. कांदळवनातील चिंबोरीचा प्रपंच निराळा. नुकतीच कात टाकून अंग मऊ असताना मादी नराशी संग करते, त्याचे वीर्य साठवून ठेवते, खाडी सोडून समुद्राकडे जाते आणि दहा लाखांहूनही अधिक अंडी पोटाखाली वागविते. नारिंगी अंडी काळसर झाली की त्यांतून जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, खेकड्याशी लवमात्र साम्य नसलेल्या अळ्या बाहेर पडतात. झोइया नावाच्या अळीच्या पाच अवस्था आणि मग मेगालोपा नावाची एक, असे तीनचार आठवडे लोटल्यावरच त्यांना खेकड्याचे रूप येते.

खरी कसोटी याच आठवड्यांची. पाणी समुद्राइतके खारट आणि 28 ते 30 अंश सेल्सिअस उष्ण राखावे लागते. प्रथम रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि पुढे आर्टेमिया या चिमुकल्या जलचराची नवजात पिल्ले, असा जिवंत आहार अखंड पुरवावा लागतो, म्हणजे अळ्यांच्या आधी त्यांच्या भक्ष्याचीच शेती करणे आले. एवढी तजवीज करूनही झोइयातून मेगालोपा होताना कात न सुटल्याने असंख्य अळ्या मरतात, आणि ज्या तगतात त्या नांग्या फुटताच भावंडांचाच फडशा पाडू लागतात! शेकडा पाचदहा वाचल्या तरी हिशेब बरा म्हणावा.

तामिळनाडूत सीरकाळीजवळ राजीव गांधी जलचरसंवर्धन केंद्राने ही विद्या व्यवहारात आणली. महाराष्ट्रात 2012 साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गातील बचतगटांना खेकडे पोसण्यास साहाय्य दिले. हे स्तुत्यच, पण जेथे बीज, म्हणजे पोसायची पिल्ले, खाडीतूनच उपसून आणतात, तेथे त्या उद्योगाला संवर्धन म्हणणे मला पटत नाही, कारण त्यात खाडीची मुद्दल खर्ची पडते आणि भर कशाचीच पडत नाही. सरकारने कोकणातही बीजनिर्मितीस सढळ हाताने पैसा द्यावा, आणि वाचकांनी, पोटाखाली अंड्यांचा गेंद असलेली चिंबोरी बाजारात दिसल्यास, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.