गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हा आत काय असतं?

गेज प्रेशर आणि ॲब्सोल्यूट प्रेशर यांतला फरक व्याख्या पाठ करून डोक्यात बसत नाही. त्यापेक्षा घरी बिअर बनवणाऱ्यांकडे बघा. अमेरिकेत हा छंद चांगला रुजलाय. तिथे तयार बिअर स्टीलच्या केगमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवतात आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचा दाब देतात. किती दाब द्यायचा त्याचे तयार तक्ते असतात. ३ अंश सेल्सिअसच्या आसपास १२ पीएसआय दिला की काही दिवसांत एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर वायू विरघळतो (० अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला मोजलेला).

आता सांगा, १० पीएसआयचे २० केले तर वायू दुप्पट विरघळेल?

हेन्रीचा नियम तुम्हाला बारावीपासून येतो, म्हणून पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण त्या नियमातला दाब निर्वातापासून मोजायचा असतो. गेजवरचा आकडा मात्र भोवतालच्या हवेपासून सुरू होतो. समुद्रसपाटीला हवेचाच दाब १४.७ पीएसआय. म्हणजे खरे आकडे २४.७ आणि ३४.७. वाढ फक्त १.४ पट!

गेज असं का वागतं? बहुतेक गेजांत बूर्दाँची नळी असते (१८४९ चं पेटंट, अजून धडधाकट). वाकवलेल्या या नळीच्या आत वायू, बाहेर खोलीतली हवा. दोन्हींतल्या फरकाइतकी ती सरळ होते आणि काटा फिरतो. पंक्चर टायरला गेज लावलं तर शून्य दिसतं, पण आत हवा असतेच की. तसंच केगचं. २० अंशाला नुकत्याच आंबून झालेल्या बिअरवर गेज शून्य दाखवत असलं तरी लिटरमागे ०.८५ लिटरच्या आसपास वायू आधीच विरघळलेला असतो.

डेन्व्हर शहर साधारण १६०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब १२.१ पीएसआयच्या आसपास. तक्ता पाहून तिथेही १२ च दिले तर एकूण होतात २४.१; समुद्रसपाटीला झाले असते २६.७. बिअरमध्ये वायू १० टक्के कमी. गेज बिचारं बरोबरच असतं. म्हणून तिथले लोक हजार फुटांमागे अर्धा पीएसआय वाढवून देतात.

बिअरमध्ये १० टक्के चालून जातील. व्हॅक्यूममध्ये हाच घोळ महागात पडतो. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, मुंबईत १०१. समजा पेपरमध्ये नुसतं '−०.९ बारला सुकवलं' असं लिहिलंय. पुण्यात आत उरतात ५ किलोपास्कल, मुंबईत ११. पहिल्या दाबाला पाणी ३३ अंशाला उकळतं, दुसऱ्याला ४८ ला. काटा दोन्हीकडे त्याच रेघेवर! आणि नमुना प्रोटीनचा असेल तर हे १५ अंश म्हणजे अख्खा प्रयोग.

तेव्हा नोंदवहीत 'बार' एवढंच लिहून सोडू नका. गेज की ॲब्सोल्यूट ते लिहा. गेज असेल तर त्या दिवशीचा हवेचा दाबही लिहा, पण तो तुमच्या जागेवरचा. हवामानाच्या ॲपवर बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणलेला आकडा असतो, तो पुण्यात बसून वापरला की परत तेच ६ किलोपास्कल चुकतात.