नॅनोकणांचे प्रतिदीप्त चिन्हांकन

नॅनोकणांचे प्रतिदीप्त चिन्हांकन ही नॅनोकणांना प्रतिदीप्त रंजकद्रव्य जोडून पेशींतील किंवा शरीरातील त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेण्याची पद्धत आहे. हे कण साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची विभेदनमर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर असल्याने त्यांचा आकार त्यातून स्पष्ट होत नाही; चिन्हांकित कण मात्र तेजस्वी ठिपक्याच्या रूपात ओळखता येतो. तथापि, दिसणारा प्रकाश रंजकाचा असतो, कणाचा नव्हे. या पद्धतीतील अनेक अडचणींचे मूळ याच भेदात आहे.

प्रमुख अडचणी

रंजकाची गळती: लायपोसोमसारख्या कणांत रंजक केवळ मिसळलेला असल्यास तो बाहेर पडून रक्तातील प्रथिनांना किंवा पेशीपटलाला चिकटू शकतो. अशा वेळी कण पेशीत शिरला नसतानाही पेशी उजळलेली दिसते आणि औषध इच्छित स्थळी पोहोचल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. न जोडलेला रंजक द्रावणात उरल्यासही हाच धोका असतो.

कणाच्या गुणधर्मांत बदल: रंजकामुळे कणाचा पृष्ठभार व जलविरोधी गुण बदलू शकतात. परिणामी त्याच्याभोवती जमणारे प्रथिनांचे आवरण आणि त्याचा शरीरातील मार्गही बदलतो.

प्रकाशाची अस्थिरता: सतत प्रकाश पडल्याने रंजक निस्तेज होतो. रंजकाचे रेणू फार दाटीने असल्यास किंवा सोन्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ असल्यास प्रतिदीप्ती मंदावते. फ्लुओरेसिन हा रंजक आम्लधर्मी लयकारिकांत (लायसोसोममध्ये) क्षीण होतो. त्यामुळे प्रकाश कमी झाला म्हणजे कण नष्ट झाले, असे म्हणता येत नाही.

ऊतींचा अडथळा: कोलॅजेन, फ्लेविन आदी नैसर्गिक घटक स्वतःही प्रकाशतात, तर हीमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. म्हणून सजीवांतील अभ्यासात सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्तसमीप रंजक अधिक उपयुक्त ठरतात.

उपाय व पर्याय

रंजक सहसंयुजी बंधाने जोडणे, अपोहनाने मुक्त रंजक काढून टाकणे, रक्तद्रवात गळती तपासणे आणि केवळ मुक्त रंजक वापरून तुलनात्मक प्रयोग करणे, ही दक्षता घेतली जाते. क्वांटम डॉट सहजी निस्तेज होत नाहीत. त्यांच्या शोध व संश्लेषणासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तथापि, ते लुकलुकतात व त्यांपैकी अनेकांत विषारी कॅडमियम असते. त्यामुळे धातूंचे रासायनिक मापन किंवा किरणोत्सारी चिन्हांकन यांसारख्या स्वतंत्र पद्धतीने निष्कर्षाची पडताळणी करणे आवश्यक ठरते.