लिनक्स सोपं कुणी केलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला हवी ती सुरक्षा-चिप किंवा नवा प्रोसेसर नसलेले कितीतरी धडधाकट संगणक त्या दिवसापासून अडगळीच्या वाटेला लागले. यातल्या बहुतेकांवर विंडोजच्या जागी लिनक्स उत्तम चालतं. ते फुकट मिळतं आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही पाहता-बदलता येतो. तरी घरात त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, 'आपल्याला जमेल का ते?' प्रश्न रास्त आहे.

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, जाहीर केला तेव्हा तो जाणकारांसाठीच होता. १९९६ मध्ये जर्मनीत मथियास एट्रिख यांनी केडीई हा डेस्कटॉप प्रकल्प सुरू केला, कारण तेव्हाच्या प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप वेगळं आणि वागणंही वेगळं होतं. पुढच्याच वर्षी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप आला. खिडक्या, मेन्यू, चित्रं सगळं झालं, पण पडद्यावर काय दिसावं हे अजून प्रोग्रॅमरच ठरवत होते.

२००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एक साधी गोष्ट केली. लोकांना ग्नोमसमोर बसवलं, कामं दिली आणि ते कुठे अडतात ते पाहिलं. त्या अनुभवाची भर पडून ग्नोमची रचना-नियमावली तयार झाली. बटणावर नुसतं 'ओके' नको, 'जतन करा' असं काम लिहा. सेटिंग बदललं की लगेच लागू होऊ द्या. नको तितके पर्याय काढून टाका. या काटछाटीवर जुने वापरकर्ते भडकले. २००५ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी ग्नोमवर कडक टीका करून केडीई वापरायचा सल्ला दिला. मला मात्र ग्नोमवाल्यांचंच पटतं. प्रत्येक जादा पर्याय नवख्याला एक जादा प्रश्न विचारतो.

मार्क शटलवर्थ यांच्या उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने २००४ पासून हे काम पुढे नेलं; सीडी तर पोस्टाने फुकट घरपोच मिळत. त्यांची २००९ ची मोहीम मला सर्वांत मोलाची वाटते. कागदाने बोटाला पडते तशी चीर म्हणजे 'पेपर कट'. सामान्य माणसाला रोज टोचणाऱ्या, पण सहज दुरुस्त होणाऱ्या शंभर उणिवा शोधून मिटवायच्या, असा तो संकल्प होता. अशा कामाला वाहवा मिळत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं पडून राहतं.

दुखणं पुरतं गेलेलं नाही. २०२१ मध्ये लिनस सबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सच्या आणखी एका आवृत्तीवर स्टीम हे गेमिंगचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. नेहमीच्या मार्गाने जमेना, म्हणून त्याने टर्मिनलमध्ये आज्ञा दिली. भल्यामोठ्या यादीखाली इशारा आला आणि 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं वाक्य टाइप करायला सांगितलं गेलं. त्याने केलं. अख्खा डेस्कटॉपच उडाला! 'इशारा वाचायला नको का?' असं अनेक जण म्हणाले. पण गेम खेळायला आलेल्या माणसाच्या हातून डेस्कटॉप उडत असेल, तर चूक प्रणालीची. विकासकांनीही तेच मानलं आणि ती वाट बंद केली.

मराठीपुरतं सांगायचं तर 'वाऱ्यावर'मधला अर्धा र नीट उमटणं आणि 'ल', 'श' मराठी वळणाचे दिसणं यासाठी फाँट आणि अक्षरं मांडणारी यंत्रणा या दोन्हींवर काम व्हावं लागलं. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून लोहित फाँटवर झालेलं काम त्यातलंच. केरळने तर सरकारी शाळांमधलं संगणकशिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. तिथली मुलं ते मल्याळममध्ये वापरतात. महाराष्ट्राने हे मनावर का घेऊ नये?

तोवर आपण एवढं करू शकतो. या सुट्टीत उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि जुना संगणक त्यावरून सुरू करून पाहा. इन्स्टॉल केल्याशिवाय हार्ड डिस्कवरचं काही बदलत नाही. घरातल्या मोठ्यांना त्यावर फोटो उघडायला आणि पत्र लिहायला सांगा. ते अडतील तिथे मदतीला धावू नका, टिपून ठेवा. खटकलेला मराठी शब्द, न सापडलेलं बटण, न छापलेलं पान, सगळं त्या प्रकल्पाला कळवा. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.