अंडे उभे राहण्याचा दिवस

चीनच्या परंपरागत पंचांगात सूर्याच्या स्थितीवरून वर्षाचे चोवीस भाग केलेले आहेत. त्यांतील पहिला ‘लीचुन’, म्हणजे वसंतारंभ, ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. ह्या दिवशी कोंबडीचे अंडे टोकावर उभे राहते, अशी तेथे जुनी समजूत आहे. १९४५ साली चुंगकिंग शहरातील लोक अंडी उभी करीत असल्याची हकीकत अ‍ॅनली जेकोबी ह्या वार्ताहर महिलेने ‘लाइफ’ ह्या अमेरिकन साप्ताहिकात प्रसिद्ध केली.

अमेरिकेत मात्र वसंत ऋतूचा पहिला दिवस म्हणजे वसंतसंपात, अर्थात २० मार्चच्या सुमाराचा दिवस. ही समजूत तेथे रुजली तेव्हा अंडी उभी करण्याचा दिवसही सुमारे दीड महिना पुढे गेला. तरीही अंडी पूर्वीसारखीच उभी राहिली! दिवस बदलूनही परिणाम बदलत नसेल, तर त्याचे कारण दिवसात नसावे, ही शंका येथेच यावयास हवी.

ती शंका हिमस्फटिकांच्या अभ्यासाबद्दल विख्यात असलेले जपानी पदार्थवैज्ञानिक उकिचिरो नाकाया ह्यांनी १९४७ साली तपासून पाहिली. वसंतारंभी अंडी उभी राहिल्याचे वृत्त वाचून त्यांनी अन्य दिवशी घरीच प्रयोग केला, आणि अंडे उभे राहिले. अंडे उभे राहणे अशक्य आहे असे मानल्यामुळे लोक एरवी प्रयत्नच करीत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अमेरिकेत फ्रँक घिगो ह्या खगोलशास्त्रज्ञाने १९८४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत अंडी उभी करून पाहिली. संपातदिनाचे काही वैशिष्ट्य त्यांना आढळले नाही.

ह्याचे कारण सोपे आहे. कोणत्याही वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा तिच्या आधाराच्या आत पडली, म्हणजे ती वस्तू उभी राहते. अंड्याचे कवच गुळगुळीत दिसले, तरी त्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्यांपैकी तीन उंचवटे टेबलावर टेकले, की तिपाईप्रमाणे आधार मिळतो. हा आधार फार लहान असल्यामुळे हात स्थिर हवा आणि धीर हवा. सूर्य कोणत्या स्थानी आहे, ह्याचा येथे संबंध नाही.

वर्गात हा प्रयोग करताना खरबरीत कवचाचे अंडे घेऊन त्याची रुंद बाजू खाली ठेवावी. दोन्ही हातांच्या बोटांनी ते हलकेच सावरावे आणि तोल साधला असे वाटताच बोटे अलगद दूर करावीत. सपाट व न हलणारे टेबल निवडावे. प्रयोग निरनिराळ्या तारखांना करून तारीख, प्रयत्नांची संख्या व यश ह्यांची नोंद विद्यार्थ्यांकडूनच ठेववावी. अंडे उभे न राहिल्यास तेही लिहावे.

चिनी लोकांच्या समजुतीस हसण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिलेली गोष्ट खरीच होती. उणीव होती ती उरलेल्या दिवसांच्या प्रयत्नांची. एखाद्या दिवसाला विशेष गुण आहे असे कोणी सांगितले, तर तोच प्रयोग दुसऱ्या दिवशीही करून पाहावा, एवढी सवय मुलांना लागली तरी ह्या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.